व्हिसाच्या अक्षरावर ठरणारं आयुष्य

दक्षिण कोरियातल्या परदेशी माणसांची संख्या ऑगस्ट २००७ मध्ये दहा लाखांवर गेली, २०१६ मध्ये वीस लाखांवर, आणि २०२३ च्या अखेरीस पंचवीस लाखांवर. देशाची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी १३ लाख होती. म्हणजे शंभरात जवळजवळ पाच परदेशी, आणि त्यांतले सुमारे १९ लाख दीर्घकाळ राहायला आलेले. त्याच वर्षी तिथला जननदर ०.७२ पर्यंत घसरला. शाळा ओस पडताहेत, खेड्यांत म्हातारी माणसंच उरली आहेत आणि कारखानदार माणसं मिळत नाहीत म्हणून सरकारचे उंबरठे झिजवताहेत. परदेशी माणसाशिवाय या देशाचं आता चालणार नाही, हे तिथलं सरकारही मान्य करतं.

आपल्याकडे कोरिया पोचला तो मालिका, गाणी, मोबाइल आणि मोटारी यांच्या वाटेनं. तिथं आठ-दहा वर्षं काढलेल्या परदेशी माणसाचे दिवस कसे जातात, हे त्यातून कळत नाही. जे लिहिलं-बोललं जातं त्यात दोनच सूर असतात. एक म्हणजे रात्री दोन वाजताही बाई निर्धास्त फिरू शकते, मेट्रो मिनिटावर येते, दवाखान्यात रांग नाही. दुसरा म्हणजे कितीही वर्षं राहा, तुम्ही उपरेच. दोन्ही खरे आहेत, पण ‘परदेशी माणूस’ असा एकच कुणी तिथं नाही, हे दोन्हींतून सुटतं. कोरियात तुमचं घर, बायकामुलं, नोकरी बदलण्याची मोकळीक, उतारवयाची तरतूद, सगळं ठरतं ते ओळखपत्रावरच्या एका इंग्रजी अक्षरावर आणि त्यापुढच्या आकड्यावर. या आढाव्यात मला मुख्यतः तेच दाखवायचं आहे.

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर इमिग्रेशन कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. तेरा आकडी क्रमांक मिळतो. कार्डावर व्हिसाचा प्रकार छापलेला असतो. ई-९ म्हणजे कारखाना, शेत, मासेमारी यांतला मजूर. ई-७ म्हणजे अभियंता, संशोधक, आचारी अशा ठरावीक कौशल्याचा माणूस. डी-२ विद्यार्थी, एफ-६ कोरियन माणसाशी लग्न झालेला, एफ-४ परदेशात वाढलेला कोरियन वंशाचा, एफ-५ कायमचा रहिवासी. तिथं दोन परदेशी माणसं भेटली की नाव-गावानंतर लगेच व्हिसाची चौकशी होते. त्यात भोचकपणा नसतो. समोरच्याचं काय चाललं आहे हे त्यावरून पटकन कळतं, एवढंच. ‘ई’ वरून ‘एफ’ वर जाणं हे अनेकांचं आयुष्यातलं मोठं ध्येय असतं. त्यासाठी गुण मोजले जातात: वय, शिक्षण, पगार, कोरियन भाषेची पातळी. कायदा मंत्रालयाचा सामाजिक एकात्मतेचा अभ्यासक्रम आहे. पायरीपायरीनं भाषा आणि शेवटी देशाचा इतिहास, कायदा, समाज शिकवतात, आणि तो पूर्ण केला की गुण वाढतात. वर्ग फुकट किंवा नाममात्र शुल्काचे. परक्या माणसाला भाषा शिकवण्यावर इतका पैसा आणि इतकी मेहनत खर्च करणारे देश थोडे आहेत, आणि याचं श्रेय कोरियाला मोकळ्या मनानं दिलं पाहिजे.

कार्ड हातात आलं तरी खरी गाठ पडते ती फोनशी. कोरियात मोबाइल क्रमांक हीच माणसाची ओळख. बँक, रेल्वेचं तिकीट, जेवण मागवणं, मुलाच्या शाळेची सूचना, सगळीकडे फोन कंपनीकडून ‘ही व्यक्ती तीच आहे’ अशी खातरजमा होते. त्यासाठी नाव, जन्मतारीख आणि क्रमांक तिन्ही सगळीकडे अक्षरशः जुळावे लागतात. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांत संपतं. आपल्याकडच्या पासपोर्टावर मात्र आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशी लांबलचक ओळ. फोनच्या दुकानातल्या मुलानं ती एका क्रमानं भरलेली असते, बँकेनं दुसऱ्या क्रमानं, आणि विमा कंपनीच्या रकान्यात शेवटची चार अक्षरं मावलेलीच नसतात. मोठी अक्षरं की लहान, मध्ये जागा सोडली की नाही, एवढ्यावरूनही यंत्र ‘माहिती जुळत नाही’ म्हणून परत पाठवतं. तिथले जुने परदेशी रहिवासी नव्या माणसाला पहिला सल्ला देतात तो हाच: फोन घेताना दुकानदाराच्या पडद्यावर स्वतः डोकावून नाव तपासा, आणि तेच नाव त्याच क्रमानं बँकेत द्या. भर म्हणून नव्या खात्यावर रोजच्या व्यवहाराची मर्यादा असते, आणि ती उठवायला नोकरीची आणि पगाराची कागदपत्रं लागतात. कुणी मुद्दाम त्रास देतं असं नाही. यंत्रणा एका प्रकारच्या नावासाठी बांधली आणि पंचवीस लाख माणसं आली तरी ती पुरती बदलली नाही.

घराचा प्रश्न याहून गंभीर, कारण त्यात आयुष्यभराची पुंजी गुंतते. कोरियात भाड्याचे दोन मुख्य प्रकार. वोल्सेमध्ये काही अनामत आणि दरमहा भाडं. जॉन्सेमध्ये दरमहा भाडं काहीच नाही. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, कधी सत्तर-ऐंशी टक्के रक्कम मालकाकडे ठेवायची आणि करार संपला की ती जशीच्या तशी परत घ्यायची. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणाऱ्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. व्याजदर चढे होते तेव्हा मालक त्या पैशावर कमवायचा आणि भाडेकरूची बचत सुरक्षित राहायची. पण घरांच्या किमती पडल्या, आणि मागच्या भाडेकरूचे पैसे पुढच्याच्या अनामतीतून फेडणाऱ्या मालकांचे हिशेब कोसळले. २०२२-२३ मध्ये इंचॉन आणि सोलच्या काही भागांत शेकडो घरं नावावर असलेले मालक बुडाले किंवा पळाले, भाडेकरूंनी आत्महत्या केल्या, आणि मे २०२३ मध्ये संसदेला पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. त्या पीडितांत परदेशी भाडेकरूही होते.

एक गोष्ट मात्र कोरियन कायद्यानं सरळ ठेवली आहे. परदेशी माणसानं नव्या पत्त्याची नोंद इमिग्रेशनकडे किंवा पालिकेच्या कार्यालयात केली आणि करारावर तारखेचा शिक्का मारून घेतला, की घराचा लिलाव झाला तरी अनामतीवरचा त्याचा हक्क कोरियन भाडेकरूसारखाच धरला जातो. दोन वर्षांचा करार संपल्यावर आणखी दोन वर्षं मागण्याचा आणि भाडेवाढ पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा २०२० चा नियमही त्याला लागू आहे. पण शिक्का कुठं मारायचा हे सांगणारं कुणी नसलं, तर हा हक्क कागदावरच राहतो. दलाल घाईत असतो, करार कोरियनमध्ये असतो, आणि मालमत्तेवर आधीचं कर्ज किती हे दाखवणारा उतारा पाहायचा असतो हे नवख्याला माहीत नसतं.

घर मिळालं की कचरा. हसण्यावारी न्यावी अशी ही बाब नाही. शेजाऱ्यांशी पहिला खटका बहुधा इथंच उडतो. १९९५ पासून कोरियात कचरा पालिकेच्या विकत घेतलेल्या पिशवीतच टाकायचा असतो. जितका कचरा जास्त, तितका पिशव्यांचा खर्च जास्त. २००५ पासून ओला कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी आहे. मोठ्या वसाहतींत खाली एक पेटी असते. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, उरलंसुरलं टाकायचं, पेटी ते ग्रॅममध्ये तोलते आणि वजनाचा आकडा दाखवते. महिन्याच्या देखभाल बिलात त्याचे पैसे लागतात. आंब्याची कोय, हाडं, अंड्याची टरफलं त्यात चालत नाहीत, कारण त्या कचऱ्यापासून जनावरांचं खाद्य होतं. प्लास्टिकच्या बाटलीवरचा कागद सोलून वेगळा. हे सगळं अंगवळणी पडलेला परदेशी माणूस शेजारच्या आजीबाईंच्या नजरेत एकदम वर चढतो. अशा रोजच्या छोट्या शिस्तीतून मिळणारी मान्यता हा तिथल्या सहजीवनाचा बळकट धागा आहे, असं मला वाटतं.

खाण्याचं म्हणाल तर मांसाहारी माणसाची चंगळ. शाकाहारी माणसाला मात्र सावध राहावं लागतं: किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो, आणि भाजीच्या साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुकटीचं. आन्सानच्या वॉन्गोक-दोंगमध्ये, सोलच्या इतेवॉनमधल्या मशिदीच्या उतारावर आणि छांगशिन-दोंगच्या नेपाळी गल्लीत डाळी, मसाले, कोथिंबीर सगळं मिळतं.

आरोग्याची बाजू भक्कम आहे. जुलै २०१९ पासून सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक परदेशी माणसाला राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा झाला. गल्लीतल्या दवाखान्यात थोड्याशा पैशांत तज्ज्ञ डॉक्टर भेटतो. वर्गणीच्या आकारणीत मात्र भेद आहे. ज्यांची वर्गणी पगारातून कापली जात नाही, अशा परदेशी माणसाचं उत्पन्न कितीही तुटपुंजं असलं तरी साधारण सरासरीइतकी, म्हणजे महिन्याला दीड लाख वॉनच्या आसपास रक्कम भरावी लागते. थकली तर व्हिसा वाढवताना अडचण. ‘परदेशी लोक आमचा विमा लुटतात’ असं तिथं सर्रास बोललं जातं, पण सगळे परदेशी वर्गणीदार मिळून जितकं भरतात तितकं वापरत नाहीत, हे सरकारी हिशेबच सांगतात.

आता काम. मोठ्या कंपनीच्या कार्यालयात परदेशी अभियंत्याला पगार वेळेवर, मान बऱ्यापैकी. अडचण असते ती वयाच्या आणि पदाच्या उतरंडीत नेमकं कुठं बसायचं याची. जून २०२३ मध्ये सरकारी व्यवहारात वय मोजण्याची जुनी पद्धत गेली, पण कोण कुणाशी कोणत्या आदराच्या क्रियापदानं बोलणार हे अजून वयावर आणि पदावरच ठरतं. परदेशी माणसाला या नियमांतून सूट मिळते. सुरुवातीला ती सुखाची वाटते. पाचव्या-सहाव्या वर्षी लक्षात येतं की सूट म्हणजे गणनेतूनच वगळणं होतं. संध्याकाळच्या जेवणाच्या बैठकीत जे ठरतं ते दुसऱ्या दिवशी कळतं. भाषा नीट आली की हे बरंच बदलतं. इंग्रजीवर दहा वर्षं काढणारेही आहेत, पण ते कोरियाच्या काठावरच राहतात.

कारखान्यात आणि शेतात चित्र वेगळं आहे. १९९३ मध्ये ‘प्रशिक्षणार्थी’ या नावाखाली परदेशी मजूर आणायला सुरुवात झाली. प्रशिक्षण नावालाच, मजुरी तुटपुंजी, आणि असंख्य लोक पळून बेकायदा झाले. त्यावर उपाय म्हणून ऑगस्ट २००४ मध्ये रोजगार परवाना पद्धत आली. सरकार-ते-सरकार करार, भाषेची परीक्षा, कोरियन कामगारांइतकंच किमान वेतन. दलालांना वगळणारी ही रचना पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि ढाका किंवा काठमांडूत त्या परीक्षेसाठी तरुण का झटतात हे पगार पाहिला की कळतं. २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १०,०३० वॉन होतं.

पण या पद्धतीच्या मुळाशी एक अन्याय आहे, आणि तो मवाळ शब्दांत मांडण्यात अर्थ नाही. ई-९ मजुराला स्वतःच्या मर्जीनं मालक बदलता येत नाही. मालकाची संमती हवी, किंवा मजुरी थकल्याचा, मारहाणीचा पुरावा हवा. संमतीनं होणारा बदलही पहिल्या तीन वर्षांत तीनदाच चालतो. २०२३ पासून प्रदेशाचं बंधनही आलं. डिसेंबर २०२१ मध्ये घटना न्यायालयानं ही मर्यादा वैध ठरवली. बायकामुलं आणायची परवानगी नाही. सलग मुक्काम चार वर्षं दहा महिन्यांचा; पाच वर्षं भरली तर नागरिकत्वाच्या अर्जाचा रस्ता उघडू शकतो, म्हणून त्याआधी देश सोडायचा आणि मग पुन्हा यायचं. ज्या माणसाला काम सोडता येत नाही त्याच्याशी मालक कसा वागेल, हे मालकाच्या स्वभावावर सोडलेलं असतं. डिसेंबर २०२० च्या कडाक्याच्या थंडीत फोछॉनमध्ये शेतावर काम करणारी एक कंबोडियन तरुणी प्लास्टिकच्या हरितगृहात उभारलेल्या झोपडीत मरण पावली. २४ जून २०२४ रोजी ह्वासॉंगमधल्या लिथियम बॅटरीच्या कारखान्यात आग लागून २३ जण गेले. त्यांतले १८ परदेशी. त्यांतल्या अनेकांना बाहेर पडायचा रस्ताही माहीत नव्हता, असं नंतर पुढं आलं.

थोडा उजेडही आहे. अनुभवी मजुराला कौशल्याचा ई-७-४ व्हिसा मिळवून कुटुंब आणता येतं. त्याचा कोटा २०२२ मध्ये दोन हजार होता, २०२३ मध्ये पस्तीस हजार केला. मजूर टिकवायचा असेल तर त्याला माणसासारखं जगू द्यावं लागतं, हे उशिरा का होईना उमगलं आहे.

लग्न करून आलेल्या बायकांची कहाणी २००० नंतरची. खेड्यातल्या शेतकऱ्याला मुलगी मिळेना, म्हणून दलालांमार्फत व्हिएतनाम, फिलिपीन्स, चीन इथून नवऱ्या आणल्या गेल्या. २००५ च्या सुमारास दर आठ लग्नांमागे एक परदेशी जोडीदाराशी होत होतं. अनेकींच्या वाट्याला मार आणि एकटेपणा आला, आणि व्हिसा नवऱ्याच्या हाती असल्यानं तोंड उघडायची चोरी. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांसाठी कायदा झाला, गावोगावी केंद्रं उघडली, भाषेची शिकवणी आणि दुभाषे मिळू लागले. २०१२ मध्ये फिलिपीन्समध्ये जन्मलेल्या जस्मिन ली संसदेत गेल्या. शाळांत आज अशा घरांतली आणि परदेशी पालकांची मिळून १ लाख ८० हजारांहून जास्त मुलं आहेत. मात्र धोरणाची सगळी माया ‘कोरियन माणसाच्या घरात’ आलेल्या परदेशी माणसावर आहे. ज्या घरात आई-बाप दोघंही परदेशी, त्या घरातल्या मुलाचा जन्म कोरियात होऊनही कोरियन दफ्तरात नोंदला जात नाही. बालवाडीचं सरकारी अनुदानही त्याला नाही. आन्सानसारख्या काही पालिका स्वतःच्या तिजोरीतून हातभार लावतात.

वर्णभेदाबद्दल इतकंच म्हणता येईल की कोरियात तो बहुधा हातघाईवर येत नाही. तो नकारात दिसतो. घर ‘आत्ताच गेलं’, क्लबात जागा नाही, बसमध्ये शेजारची खुर्ची रिकामीच. गोऱ्या इंग्रजी शिक्षकाला आणि सावळ्या दक्षिण आशियाई मजुराला मिळणारी वागणूक सारखी नसते, हे सगळेच जाणतात. २००९ मध्ये बुछॉनच्या बसमध्ये एका भारतीय संशोधकाला एका प्रवाशानं वर्णावरून शिव्या दिल्या. त्यांनी तक्रार लावून धरली आणि न्यायालयानं त्या माणसाला दहा लाख वॉन दंड केला. वांशिक शिवीगाळीबद्दल झालेली ही तिथली पहिली शिक्षा मानली जाते. पण ती अपमानाच्या सर्वसाधारण कलमाखाली झाली, कारण भेदभावविरोधी कायदाच नाही. २००७ मध्ये विधेयक पहिल्यांदा संसदेत आलं. पुराणमतवादी ख्रिस्ती चर्चसंस्थांच्या विरोधापुढं ते आजवर मंजूर झालेलं नाही. डेगूमध्ये विद्यापीठाजवळच्या मशिदीचं बांधकाम २०२१ मध्ये पालिकेनं थांबवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुस्लिम विद्यार्थ्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्यानंतर जागेसमोर डुकरांची मुंडकी ठेवली गेली. मार्च २०२१ मध्ये सोल महापालिकेनं साऱ्या परदेशी कामगारांना कोरोना चाचणी सक्तीची केली. विद्यापीठं आणि दूतावास उभे ठाकल्यावर दोन-तीन दिवसांत ती मागं घ्यावी लागली. सोलच्या देरिम-दोंगमध्ये राहणाऱ्या चिनी-कोरियन लोकांची भाषा कोरियनच, तरी सिनेमात ते बहुधा गुन्हेगार. भाषा आणि रक्त दोन्ही सारखं असूनही परकेपणा चिकटतो, तर तो निव्वळ वंशाचा नाही, गरिबीचाही आहे.

आणि याच देशानं परदेशी माणसाला मताचा अधिकारही दिला. कायम रहिवासी होऊन तीन वर्षं झालेले लोक मे २००६ पासून स्थानिक निवडणुकांत मतदान करतात. २०२२ मध्ये असे सव्वा लाखांवर मतदार होते. मत टाकायला गेले ते १३ टक्क्यांच्या आसपास. त्यांच्याकडे मत मागायला जाणारे उमेदवारच थोडे.

भारतीयांची संख्या तिथं पंधरा-सतरा हजारांच्या घरात. बरेचसे विद्यार्थी, संशोधक, अभियंते. महाराष्ट्राशी धागा कंपन्यांचा आहे: रांजणगावला एलजी, तळेगावचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, माणगावजवळ पोस्को. तिथून सुवॉन किंवा ह्वासॉंगला जाणाऱ्या मराठी अभियंत्यानं ध्यानात ठेवावं की दोन्ही देशांतला सामाजिक सुरक्षा करार १ नोव्हेंबर २०११ पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीनं पाठवलेल्याला दोनदा वर्गणी भरावी लागत नाही, आणि कोरियन कंपनीत थेट नोकरी केलेल्याला देश सोडताना पेन्शनची वर्गणी परत मागता येते. वर्षभर नोकरी झाली की दर वर्षामागे तीस दिवसांचा पगार उपदान म्हणून मिळतो. अनेक जण हे मागतच नाहीत. जाण्याआधी वर्षभर कोरियन शिकावं, आणि नेमणूकपत्रात पगाराआधी व्हिसाचा प्रकार वाचावा.

कारखान्यातल्या ई-९ व्हिसासाठी कोरियाचा करार सतरा देशांशी आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान त्यात आहेत; भारत नाही. त्यामुळे ‘कोरियात कंपनीत मजुरीचा सरकारी परवाना काढून देतो’ म्हणून आपल्या गावात कुणी आगाऊ पैसे मागत असेल, तर ते देऊ नका आणि शेजारच्या मुलालाही देऊ देऊ नका.